बरडपर्यंतची वारी

आमच्या अक्काची वारी लोणंदला सुरू व्हायची आणि बरडला संपायची. आळंदीहून ती कधी निघाली नाही, आणि पंढरपूरला गेली ती एसटीनं, तेही कार्तिकीला. नीरेच्या दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी आपल्या सातारा जिल्ह्यात आली, की ही वाठार स्टेशनावर पॅसेंजर धरायची. आदर्की, सालपे, लोणंद. तिथून तरडगाव, फलटण, बरड. पुढं धर्मपुरीपासून सोलापूर जिल्हा लागतो. लहानपणी मला वाटायचं, जिल्ह्याची हद्द ओलांडायची अक्काला मनाईच असणार.

अडायचं ते म्हशीपाशी. अक्काशिवाय दुसऱ्याच्या हाताला ती पान्हा सोडायची नाही. चार दिवस कसेबसे धकायचे, पाचव्या दिवशी तिच्या ओरडण्यानं गल्ली जागी. "देवाला कळतंय गं, माज्याकडं लेकरं हायेत, म्हसरू हाय," असं अक्का म्हणायची. तिच्या आवाजात तक्रार नसायची.

गेल्या पौषात अक्का गेली. वय आम्ही बाण्णव धरायचो, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. यंदा मी ऑफिसातून रजा घेतली आणि तिच्याच दिंडीत, तिच्याच ठिकाणी, लोणंदला जाऊन उभी राहिले. तुळशीवाल्या बायकांनी विचारलं, "कुणाची गं तू?" म्हटलं, अक्काची नात. एकीनं डोक्यावरचं वृंदावन उतरवून सरळ माझ्या डोक्यावर ठेवलं. वजन बेताचं, पण मान वळवायची सोय नाही. नजर आपोआप समोर, पुढच्या बाईच्या टाचांवर. त्या टाचांच्या भेगांत कोकम तेल चोपडलेलं होतं.

लोणंद ते तरडगाव तसं जवळ. मध्ये चांदोबाचा लिंब, वारीतलं पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिंड्या लागल्या, टाळांचा ठेका चढत गेला आणि एकाएकी पुढून "माउली, माउली" अशी लाट आली. दोन अश्व, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. माझ्यापासून हातभर अंतरावरून तो गेला. घामाचा वास आला, अंगावर बारीक खडे उडाले. क्षणात माणसं वाकली. टापेच्या ठशातली माती कुणी कपाळाला लावली, कुणी टोपीत घेतली. मी ओढणीच्या टोकात चिमूटभर घेऊन गाठ मारली.

ही गाठ अक्काची. घरी आल्यावर ओट्यावर बसून ती आधी पदर सोडायची, माती तुळशीच्या बुंध्यात घालायची, मगच पाणी प्यायची. आमची तुळस पंचवीसेक वर्षांच्या रिंगणांच्या मातीत वाढलेली आहे.

पदराला गाठ मारायची सवय तिला दुष्काळानं लावली होती. 1972 साली ती खडी फोडायला जायची. कामावर मिळणारी सुकडी तिथं न खाता पदरात बांधून घरी आणायची आणि पाच पोरांना वाटायची. गाठीला चिकटलेली भुकटी बोटानं निपटून तेवढी स्वतः खायची, असं वडील सांगतात. त्याआधी 11 डिसेंबर 1967 ची पहाट, कोयनेचा भूकंप. आजोबा मुंबईला गिरणीत. तिनं एकटीनं पोरं अंगणात काढली, वाकळेत गुंडाळली, दोनदा मोजली आणि उजाडेपर्यंत हरिपाठ म्हणत बसली. माझ्या आत्याला हरिपाठ त्या रात्रीपासून पाठ आहे.

1982 चा संप झाला, गिरणी सुटली, आजोबा कायमचे गावी आले. घर त्या वर्षी फार ओढगस्तीत होतं. पण पोरांपाशी आणि गोठ्यात बघायला एक माणूस वाढलं, आणि पन्नाशीच्या अक्काला पहिल्यांदा चार दिवस स्वतःचे मिळाले. ती वारीला गेली. आरफळच्या हैबतबाबांचं नाव ती घरच्या माणसासारखं घ्यायची. माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावणारा माणूस आपल्या साताऱ्याकडचा, याचा तिला फार अभिमान.

तरडगाव ते फलटण ही वाट लांब, वीसेक किलोमीटर. दुपारी पाऊस आला तसे सगळ्यांनी डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेतले, अभंग मात्र थांबला नाही. फलटणला पोचेतो माझ्या डाव्या पायाला फोड आला होता. राहुटीत एका मावशींनी सुईत दोरा ओवून तो फोडला, दोरा आतच ठेवला आणि हळद दाबली. बाहेर समाजआरतीसाठी चोपदारांनी चोप उंचावला आणि एवढा मोठा तळ एकदम गप्प झाला. मावशी माझा पाय मांडीवर तसाच धरून बसल्या.

या मावशींनीच मला बरडला ती गोष्ट सांगितली. पंगत उठली होती, त्या पातेलं घासत होत्या. "तुजी आजी भिशी पुरी भरायची, म्हाईत हाय का?"

मला माहीत नव्हतं. दिंडीत जेवणाखाणाची भिशी पंढरपूरपर्यंतची असते. अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्याकडून कुणी पुरी मागत नाही. अक्का पुरी भरायची आणि बरडहून निघताना सांगून जायची की नातेपुत्यापासून माझं पान कुणाला तरी वाढा. बरडला माण-खटावकडची माणसं येऊन मिळतात. त्यात एखादी पैसे नसलेली म्हातारी असायचीच, तिला अक्काच्या जागी बसवायचे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांनी अक्काचं चालणं थांबवलं, तरी भिशी कुणाच्या ना कुणाच्या हाती येत राहिली. दूध घालून जमवलेले पैसे. घरात कुणाला पत्ता नव्हता.

माझी रजाही बरडपर्यंतचीच होती. मुलीची शाळा होती, तिच्याजवळ थांबलेल्या सासूबाईंना गावी परतायचं होतं. सकाळी दिंडीचालकांकडे गेले आणि पुरी भिशी पुढं केली. त्यांनी पैसे मोजले, वही उघडली, पान उलटलं. यंदाची यादी त्यांनी गेल्या वर्षीची बघून आधीच उतरवून ठेवली होती. तिसऱ्या ओळीत अक्काचं नाव होतं, पुढचा रकाना मोकळा.

त्यांचं पेन तिथंच थांबलं. "खोडून तुमचं घालू का?"

"नको," म्हटलं. "तिच्याच नावापुढं लिहा."

त्यांनी आकडा लिहिला. बाहेर भोंगा झाला, दिंडी उभी राहिली. मी वृंदावन मावशींच्या डोक्यावर ठेवलं, ओढणीची गाठ एकदा चाचपली आणि फलटणच्या एसटीसाठी रस्त्याच्या पलीकडे गेले.