आईचं दुपारचं बीपी

आई ८२ वर्षांची, स्मृतिभ्रंश होऊन पाच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात दुपारी जेवून उठली की बेसिनपाशी हात धुतानाच तिचे पाय लटपटायचे. एकदा पडली, नशीब, हाड मोडलं नाही. सकाळी मला नावाने हाक मारणारी आई दीड वाजता 'कोण गं तू?' विचारायची. आम्हाला वाटलं, आजार वाढला. चक्कर येते हे तिला सांगता येत नव्हतं. 'घर हललं' एवढंच म्हणायची, आणि आम्ही ते भासांत जमा केलं. त्याचं अजून वाईट वाटतं.

दवाखान्यात बीपी चांगलंच निघायचं, कारण तिथे आम्ही सकाळी जायचो. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, 'हे जेवणानंतरच होतं का?' जेवायच्या आधी एकदा आणि नंतर दोन तास दर अर्ध्या तासाने मोजून लिहून आणायला सांगितलं.

पट्टा बांधला की आई ओरबाडून काढायची. दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, 'आई, कासारीण आलीये, हात सैल सोड.' तिने लगेच बोटं जुळवून हात पुढे केला आणि पट्टा आवळून सुटेपर्यंत तसाच धरून ठेवला.

जेवणाआधी वरचा आकडा १३८, तासाभराने ९६! वरचा आकडा दोन तासांत २० ने उतरला तरी दखल घ्यायची असते. जेवल्यावर रक्त पोटाकडे वळतं. तेव्हा नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून शरीर बीपी सावरतं. म्हातारपणी, मधुमेहात, पार्किन्सनमध्ये, काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात ही सावरण्याची ताकद कमी होते. त्यात बीपीची गोळी आम्ही विसरू नये म्हणून जेवणाच्या ताटाशीच द्यायचो. तिची वेळ डॉक्टरांनी बदलली. असले बदल आपल्या मनाने मुळीच करू नयेत.

बाकीचं घरातच होतं. ताटभर गरम भाताऐवजी थोडं थोडं पाच वेळा, भात चार घास, वरण-उसळ जास्त. जेवणाआधी मोठा पेला पाणी, तेही हृदय-किडनीचं डॉक्टरांना विचारून. बाथरूम जेवणाआधी. हात तिथेच ताटात धुवायचे, मग तासभर आरामखुर्ची आणि पाय स्टुलावर.

पाडव्याला तिने हट्टाने तीन पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड खाल्लं. मी तिला पलंगावर आडवं करून उशाशी बसले, कासारीण दोनदा येऊन गेली. ११२ च्या खाली गेलं नाही.