दोन वर्षं मोठी

काल जांभळी नाक्यावर वैशी भेटली. मेथीची जुडी निवडता निवडता म्हणाली, "अगं, दाखल्यावर माझं वय दोन वर्षं कमीच आहे. काकांनी शाळेत घालताना तसंच सांगितलं. आता रिटायरमेंट दोन वर्षं पुढे, बघ!" मीही हसले. सुटे नाहीत म्हणून भाजीवाल्याने हातात कोंबलेली कोथिंबीर घेऊन तलावपाळीपर्यंत आले, तेव्हा कळलं की मघापासून दात आवळलेले आहेत.

दोन वर्षं! म्हणजे ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर चौदा वर्षांखालच्या शंभर मीटरला माझ्या शेजारच्या लेनमध्ये पंधरा वर्षांची घोडी होती. आणि मी दुसरी. घरी जाताना बसमध्ये बाबा एक अक्षर बोलले नव्हते. ते जाऊ दे.

तिला तेव्हा ठाऊक होतं का? विचारायला हवं होतं. मेथीचा भाव विचारला.

ते सिडनी ऑलिम्पिकचं वर्ष, 2000. कपाटाच्या दाराला आतून अमेरिकन धावपटू मॅरियन जोन्सचं कात्रण. शंभर मीटर 10.75 सेकंदांत. दुसरी ग्रीसची कॅटरिना थानू, 11.12. कात्रणात ती मावलीच नव्हती. पुढे 2007 मध्ये जोन्सबाईंनी उत्तेजक घेतल्याचं रडत रडत कबूल केलं. कोचने जवसाचं तेल म्हणून दिलं होतं म्हणे. आई चटणी कुटत होती, म्हणाली, "मग आपण रोजच खातो की!" सिडनीची पाचही पदकं गेली, वर तपास करणाऱ्यांशी खोटं बोलल्याबद्दल सहा महिने तुरुंग.

आणि वैशीला? दोन वर्षांचा जास्तीचा पगार.

रात्रभर एकच. म्हणजे पहिली मीच होते ना? कूस बदलली की पुन्हा तेच. पहिली मीच. अडतिसाव्या वर्षी, बाजूला नवरा घोरत असताना. कुणाला सांगायची सोय नाही.

पहाटे थानू आठवली. जोन्सचं शंभर मीटरचं सोनं तिला दिलंच नाही. 2004 मध्ये अथेन्सच्या तोंडावर तिने डोपिंगची चाचणी चुकवली होती. ती जागा रिकामीच ठेवली.

मग सरांचे गाल आठवले. शिट्टी वाजायच्या आधी ते टम्म फुगायचे. ही गंमत मला प्राथमिक फेरीतच कळली होती. मी शिट्टीवर सुटलेच नव्हते, गालांवर सुटले होते. चांगली पाऊलभर आधी. कुणाला दिसलं नाही.

एवढं करून दुसरी!

सकाळी जुनं प्रमाणपत्र काढून पाहिलं. कडा वाळवीने खाल्ल्यात, 'द्वितीय' शाबूत आहे. तिसरी कोण आली होती ते काही केल्या आठवेना. दोन वेण्या होत्या, एवढंच.

वैशीला लक्षात असेल. नंबर घेतलाय तिचा.