एका चरणाचा दम

दिवे घाटात पहिला चढ संपता संपता मनगट थरथरलं. घड्याळात हृदयाच्या ठोक्यांचा आकडा १२१. मी दिंडीच्या ओळीतून बाहेर पडलो आणि रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलो. पखवाज, टाळ, 'ज्ञानोबा माउली तुकाराम', एकामागून एक दिंड्या, सगळं माझ्यासमोरून वर चढत होतं. चार मिनिटांत आकडा ९८ वर आला, तसा उठलो. त्या घाटात मी असा अकरा वेळा बसलो आणि अकराही वेळा कुणी ना कुणी थांबून विचारलं, "माउली, पाणी पाहिजे का?"

चौदा महिन्यांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली होती. वय बावन्न, एक स्टेंट. वारीला जाऊ का, असं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी आधी ट्रेडमिलवर चालवून चाचणी घेतली, ईसीजीची पट्टी नीट पाहिली आणि म्हणाले, "जा. पण ठोके १२० च्या वर न्यायचे नाहीत. गेले की थांबायचं, खाली आले की चालायचं." लेकीने त्याच आठवड्यात हे घड्याळ घेऊन दिलं. टायटेनियमची चौकट, सॅफायरची काच, सत्तर हजारांची वस्तू. मला तो खर्च फार वाटला होता. आज तो फार वाटत नाही.

एक गोष्ट मात्र इथेच सांगतो, कारण ती माझ्यासारख्या अनेकांच्या कामाची आहे. अशी घड्याळं ठोक्यांचे पट्टे, म्हणजे किती ठोके हलके आणि किती जास्त, हे स्वतःच आखून देतात आणि त्यामागे बहुतेक वेळा साधं गणित असतं : २२० वजा वय. म्हणजे माझी कमाल मर्यादा १६८. पण मी बीटा ब्लॉकरची गोळी घेतो आणि त्या गोळीचं कामच ठोके दाबून ठेवण्याचं. माझं हृदय पूर्ण दमलेलं असेल तेव्हाही घड्याळाच्या लेखी मी मजेत फिरत असेन. म्हणून ते पट्टे काढून टाकले, डॉक्टरांचा आकडा घातला आणि त्याच्यावर गेलं की थरथरायचं, एवढंच काम घड्याळाला दिलं. हृदयाची गोळी चालू असलेल्या कुणी हे घड्याळ घेतलं, तर पहिल्या दिवशी हे करावं. विकणारा सांगत नाही.

२९ जून २०२४ ला आळंदीहून माउलींचं प्रस्थान झालं. आमची दिंडी रथामागची, परभणी जिल्ह्यातली, माझ्या मामाच्या गावाची. लहानपणी मी आजीचं बोट धरून गावच्या वेशीपर्यंत तिला सोडायला जायचो आणि ती दिंडीबरोबर पुढे जायची. ती चालली तेवढी वाट एकदा तरी चालायची, हे तेव्हापासूनचं. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाचे पैसे, भरली, पिशवी दिंडीच्या ट्रकवर टाकली आणि ओळीत उभा राहिलो.

माझ्या शेजारी बापू. चौऱ्याहत्तर वर्षांचे, खांद्यावर पताका. पुण्यातल्या मुक्कामी त्यांनी घड्याळाची किंमत विचारली. मी खरी सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजी एक दुभती म्हैस." मग मनगट पुढे करून, "बांध बरं मला." बसल्या जागी त्यांचे ठोके ५४ निघाले. शेतकऱ्याचं हृदय. राहुटीतल्या सगळ्यांनी त्या रात्री आपापलं मनगट पुढे केलं आणि तेव्हापासून हरिपाठ झाला, जेवणं झाली, की घड्याळ एक फेरी मारून माझ्याकडे परत यायचं.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा. त्या दिवशी घड्याळात ४६,००० पावलं भरली. सासवडला दोन रात्री मुक्काम असतो, सोपानकाकांची समाधी तिथलीच. तिथे मला पहिल्यांदा टाळ हातात मिळाले. मी ते वाजवायला लागलो आणि दोन मिनिटांत मनगट थरथरलं : १५२. पायाखालची जमीन सरकली. जागेवर बसलो, मानेवर दोन बोटं ठेवली, पंधरा सेकंद मोजले. सव्वीस. चोक एकशे चार.

म्हणजे हृदय ठीक होतं, चुकत होतं ते वाचन. कारण नंतर नीट समजून घेतलं. घड्याळाच्या पोटाशी हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, ठोक्यागणिक त्वचेखालचं रक्त कमीजास्त होतं आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पण मनगट स्वतःच ठेक्यात हलायला लागलं, की तो हलण्याचा ठेका आणि रक्ताचा ठेका यांत घोळ होतो. मी टाळ कुटत होतो आणि घड्याळ टाळ मोजत होतं. मनगटावरच्या सगळ्याच घड्याळांची ही अडचण आहे, छातीला बांधायच्या पट्ट्याची नाही, कारण तो हृदयाची विद्युत हालचाल वाचतो. पट्टा माझ्याकडे नव्हता. मग घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सरकवलं, आवळून बांधलं आणि ठरवलं, की चढाला हात मोकळे ठेवायचे. टाळ सपाटीला.

सपाटीलाच मला खरी गोष्ट सापडली. जेजुरीच्या वाटेवर भंडारा उधळला जात होता, रस्ता पिवळा झाला होता. आमचे विणेकरी अभंगाचं एक चरण म्हणायचे आणि आम्ही ते मागून उचलायचो. मी सहज आकड्याकडे पाहिलं : १०६, आणि चरण मी एका दमात म्हटलं होतं. पुढच्या चढावर ११४. चरणाचा शेवटचा शब्द तुटला. ११९ ला अर्ध्यातच श्वास घ्यावा लागला. १२० च्या पुढे फक्त ऐकता येत होतं. सकाळ असो, दुपार असो, ऊन असो की पावसाची सर, हे गणित चार-दोन ठोक्यांच्या फरकाने तंतोतंत जुळत होतं. डॉक्टर मंडळी हीच गोष्ट 'चालताना बोलता आलं पाहिजे' अशी सांगतात. मी ती शंभरदा ऐकली होती. पण स्वतःचा दम आणि आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय ती माझ्या अंगात उतरली नव्हती. जेजुरीपासून वाल्ह्यापर्यंत मी हेच करत होतो : आधी चरण म्हणायचं, मनात आकडा धरायचा आणि मग घड्याळ बघायचं.

बॅटरीचं म्हणाल तर मी काटकसर केली होती. फोनचे निरोप बंद, रात्रीचं ऑक्सिजन मोजणं बंद, पडदा कायम उजळलेला ठेवणं बंद. पावसात ओली काच आपोआप पानं बदलायची, म्हणून स्पर्शाला कुलूप लावून बटणांवरच काम चालवलं. झोपेचे गुण बघणं मी तिसऱ्या दिवशी सोडलं. पहाटे तीनला राहुटीत हालचाल सुरू होते, टँकरपाशी रांग लागते. त्या झोपेला घड्याळ रोज नापास करायचं आणि दिवसभर विश्रांती घ्या म्हणायचं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण माउलींचा रथ थांबणार नव्हता.

नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान झालं. तो क्षण लिहिण्याच्या पलीकडचा आहे, तो तसाच राहू दे. लोणंदच्या मुक्कामी पिशवी उघडली, तर घड्याळाची चार्जिंगची वायर नाही. पालखी मार्गावर वीस रुपयांत मोबाइल चार्ज करून देणारी टेबलं जागोजागी असतात, त्यांच्याकडे सगळ्या पिना असतात. माझ्या घड्याळाची पिन नव्हती, कारण ती फक्त त्याच घड्याळाला लागते. पडद्यावर ३१ टक्के. चांदोबाच्या लिंबाजवळचं पहिलं उभं रिंगण मी आकडा न बघता पाहिलं, बॅटरी वाचवण्यासाठी. फलटणला पोहोचता पोहोचता घड्याळ विझलं.

त्याआधी तरडगावच्या तळावर बापूंनी एक काम केलं होतं. तळावर रोज संध्याकाळी समाज आरती होते. लाखाचा जमाव, हजारो टाळ. चोपदार चांदीचा दंड उंच करतात आणि ते सगळे टाळ एका क्षणात थांबतात. ती शांतता ज्याने ऐकली नाही, त्याला मी समजावून सांगू शकत नाही. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचेच टाळ वाजत राहतात आणि चोपदार तिच्याकडे जातात. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. बापूंनी चिठ्ठी दिली होती. त्या शांततेत, कुणाचा चष्मा, कुणाची टाळांची जोडी, कुणाची कापडी पिशवी यांच्या बरोबरीने माझी "घड्याळाची काळी वायर" पुकारली गेली.

फलटण, बरड, नातेपुते. या टप्प्यांत मनगटावर नुसतं काळं पडलेलं घड्याळ होतं. बरडच्या वाटेवर पहिल्यांदा भीती वाटली. लेकीला फोन केला तर ती घाबरेल, डॉक्टरांना केला तर ते घरी या म्हणतील. मी चरण म्हणायला लागलो. पूर्ण झालं की चालायचं. शेवटचा शब्द तुटला की पावलं आखडायची. श्वास मध्येच घ्यावा लागला की बाजूला होऊन बसायचं आणि दोन बोटं मानेवर. दिवसभरात नऊ वेळा बोटांनी मोजलं, एकदाही १२० च्या वर सापडलं नाही. घड्याळाने जेजुरीला शिकवलं नसतं, तर बरडला मी ट्रकमध्ये बसलो असतो.

सदाशिवनगरचं रिंगण झालं. माउलींचा अश्व धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात, तशी मीही लावली. माळशिरसच्या तळावर समाज आरतीत सापडलेल्या वस्तू पुकारल्या, त्यात वायर होती. दुसऱ्या एका दिंडीतल्या विशीतल्या मुलाला ती वाल्ह्याला एका घराच्या ओट्यावर, चार्जिंगच्या बोर्डात लागलेली दिसली होती. त्याला वाटलं, कुणाच्या तरी डॉक्टरी मशीनची असेल, त्याशिवाय माणसाचं अडेल. म्हणून पाच मुक्काम त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी, बंडीच्या खिशात ठेवली होती. मी पाया पडायला वाकलो, तर तो माझ्याआधी वाकला.

घड्याळ परत उजळलं ते वेळेवरच. वेळापूरच्या अलीकडे धावा होतो, पंढरपूरच्या ओढीने सगळे उतारावरून धावत सुटतात. मला धावायची परवानगी नव्हती, मी कडेने चाललो. पण आमच्या दिंडीतल्या मावशी डोक्यावरची तुळस सावरत धावल्या. पासष्टीच्या असतील. रात्री राहुटीत घड्याळाची फेरी सुरू झाली, तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. "मला नगं बाळा आज." मी तरी बांधलं. १२६. तास झाला होता त्यांना पडून. सासवडचा टाळ आठवला, म्हणून बोटांनीही मोजलं : एकशे चोवीस. अंग तापलेलं, ओठ सुकलेले.

त्यांची सून आणि मी त्यांना धरून आरोग्य पथकाच्या तंबूत नेलं. ताप होता आणि अंगातलं पाणी फार कमी झालं होतं. दिवसभर लघवीला जावं लागू नये म्हणून त्या पाणीच पीत नव्हत्या. रस्त्यावर बायकांची ही अडचण फार मोठी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. फिरती शौचालयं तळावर असतात, पण मधल्या वाटेवर काय? सलाइन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी चालायचं नाही असं बजावलं. मावशी ट्रकमध्ये बसल्या. तुळस मात्र ट्रकमध्ये बसली नाही, ती सुनेने डोक्यावर घेतली. मावशी आमच्याआधी मुक्कामावर पोहोचलेल्याच होत्या, आम्ही गेल्याबरोबर मनगट पुढे. "बघ बरं, काय म्हनतंय." ८८. पाण्याची बाटली अर्धी झालेली दाखवली त्यांनी मला, शाळेतल्या मुलीसारखी.

बाजीराव विहिरीच्या रिंगणाला त्या पायी होत्या.

१७ जुलैला आषाढी. गाभाऱ्याच्या रांगेत उभं राहणं मला झेपणारं नव्हतं; कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत पाय भिजवले. पालखी मार्ग अडीचशे किलोमीटरांच्या आसपासचा, माझी चाल त्याहून जास्त भरली : पाण्यासाठी मागे, राहुटी शोधायला पुढे. परतल्यावर डॉक्टरांनी अठरा दिवसांचा आलेख पाहिला. मधल्या कोऱ्या दिवसांवर बोट ठेवून विचारलं, "इथे काय झालं?" मी त्यांना चरणाचं सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "म्हणून दाखवा." दवाखान्यात म्हटलं मी, पूर्ण, एका दमात.

वैशाखात मावशींचा फोन आला. भिशीचे पैसे कधी पाठवतोस, सुनेचं नाव यंदा वेगळं लिहायचं आहे, बापूंच्या गुडघ्याला तेल चालू आहे, सगळं बोलून झालं. ठेवता ठेवता म्हणाल्या, "आन् ती वायर दोन घे रे बाळा."

घेतली आहे. एक बापूंकडे राहील.