दिवाणखान्याचं वजन

वाईच्या बाजूला एका गावात दुमजली, दोन चौकी वाडा आहे. मालकीणकाकूंनी तो गावातल्या कलासंस्थेला बक्षीसपत्रानं दिला. अट एकच, देवघर जागचं हलवायचं नाही. संस्थेला तिथं गायन-तबल्याचे वर्ग, चित्रांसाठी दालन, कथकचा वर्ग आणि महिन्यातून एखादी बैठक भरवायची होती. मागच्या परसात, जिथं पूर्वी गोठा होता, तिथं नवीन इमारत जोडायची होती. वाडा कसा दिसेल हे वास्तुविशारदानं ठरवायचं आणि तो कुणाच्या अंगावर येणार नाही हे मी, इंजिनिअरनं, पाहायचं, अशी कामाची वाटणी. माझ्या वाट्याच्या कामाचे फोटो कुणी काढत नाही.

दिवाणखाना वरच्या मजल्यावर, पाच खणांचा, म्हणजे खांबांमधल्या पाच गाळ्यांचा. त्याच्या जमिनीखालची, रस्त्याकडच्या भिंतीत शिरणारी एक तुळई, म्हणजे भार घेणारं मोठं आडवं लाकूड, दीड इंच खाली बसली होती. खालून पाहिलं तर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि त्यांवरचे पाट, चांगला होता, सागाला कीड नव्हती, मधले सुरूदार खांब ओळंब्यात होते. बिघाड भिंतीच्या बाजूलाच होता. भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजलं असेल, नाहीतर तिच्याखालची भिंत दबली असेल, असे दोन तर्क मी नकाशावर लिहून ठेवले होते. टोक उघडायचं तर आधी तुळईवरचा भार टेकूंवर घ्यावा लागतो, आणि टेकू द्यायच्या आधी ओझं उतरवावं लागतं.

म्हणून त्या खणातली वरची जमीन आम्ही आधीच उकरली होती. वर शहाबादी फरशी, तिच्याखाली वाळू-सिमेंटचा थर, त्याखाली मुरूम, मग पांढरी माती आणि अगदी तळाशी पाट. मूळ बांधणाऱ्यांनी माती घातली ती थंडाव्यासाठी आणि वरचा आवाज खाली जाऊ नये म्हणून. बाकीचं पुढच्या प्रत्येक पिढीनं घातलेलं. जुनं काढायचा कंटाळा आला की त्यावरच नवीन पसरायचं, हा आपल्याकडचा दुरुस्तीचा सर्वमान्य मार्ग. सगळं मिळून नऊ इंच भरलं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखून त्यातलं सगळं पोत्यात भरलं आणि शेजारच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर वजन केलं. पावणेचारशे किलोच्या आसपास आलं. दुकानदारानं पोत्यात काय आहे ते विचारलं. माती म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

या आकड्याचा उपयोग त्याच दिवशी दुपारी व्हायचा होता.

सकाळी सुतारमामा, त्यांचा पुतण्या, एक गवंडी आणि मी एवढेच होतो. खालच्या ओसरीवर जाड फळ्या आडव्या टाकून त्यांवर लोखंडी प्रॉप उभे केले, तुळईच्या पोटाशी सागाची फळी दिली आणि दोन स्क्रू जॅक लावले. तुळई मूळ जागी नेणं हा हेतूच नव्हता. दीड इंच खाली बसलेलं लाकूड एका सकाळीत वर ढकललं तर वरचं सगळं फाटतं. दोन-तीन मिलिमीटर उचललं की भार जॅकवर येतो आणि भिंतीतलं टोक मोकळं होतं, तेवढंच पुरे. भिंतीवर जुन्या भेगा होत्या. त्यांच्यावर आडव्या काचपट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून ठेवल्या होत्या. भेग जरा जरी हलली तरी काच तडकते. हे साधन स्वस्त आहे आणि खोटं बोलत नाही.

मामांनी जॅकचा पाव फेरा दिला. थांबलो. पुन्हा पाव फेरा. लाकूड कुरकुरलं, की मामा तुळईवर तळवा ठेवून उभे राहत. मी डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचाल दाखवणारी तबकडी, बघत होते, ते हातानं बघत होते, आणि बहुतेक वेळा आमचं एकमत होत होतं.

अडीच मिलिमीटरवर काच तडकली. आवाज केवढासा, पण गवंडी दोन पावलं मागं सरला. काच तुळईखालची नव्हती. तिथून दीड हात बाजूला, खिडकीजवळची होती. मी थांबायला सांगितलं. ताण कुठून कुठं जातोय तेच कळेना. तुळईचं टोक कुजलं असतं तर ते आतल्या आत चुरलं असतं, बाजूची भिंत फाटण्याचं कारण नव्हतं.

मामांनी हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकायला सुरुवात केली. भरीव, भरीव आणि मग एकदम पोकळ. ‘‘ताई, ही भिंत नाही बोलत. हा गिलावा बोलतोय,’’ ते म्हणाले.

गिलावा सिमेंटचा होता. काकूंच्या आठवणीप्रमाणे कोयनेच्या भूकंपानंतर, म्हणजे १९६७च्या डिसेंबरनंतर, भेगा दिसल्या म्हणून सासऱ्यांनी रस्त्याकडची सगळी भिंत सिमेंटनं लिंपून घेतली होती. त्या काळी सिमेंट म्हणजे मजबुती, यात कुणाला शंका नव्हती. पण आतल्या मातीच्या जोडाईच्या विटा आणि वरचं ते कडक कवच यांची कधी जुळलीच नाही. तुळई उचलल्यावर कवच सुटलं, काच तिथंच तडकली होती. छिन्नीनं हातभर चौकोन काढला तर गिलाव्याचा अखंड पापुद्रा हातात आला. मागं वीट, विटेमागं लाकूड.

आडवं नव्हे, उभं. भिंतीच्या आत पूर्ण खांब होता. तासलेला, बिनकोरीव, कुणी बघावा म्हणून न केलेला. तुळई भिंतीवर टेकलेलीच नव्हती, ती या खांबावर होती. भिंत फक्त मधल्या जागा भरायला आणि पाऊस अडवायला. माझे दोन्ही तर्क बाजूला पडले आणि तिसराच खरा निघाला. खरं तर मला बरं वाटलं, कारण लाकडी सांगाड्याचं घर दुरुस्त करता येतं. सांगाड्याला भिंतीचा आधार असेल तर तो बोनस समजायचा. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या पिढीच्या इंजिनिअरांना जे वारंवार दाखवलं गेलं ते हेच: दगडमातीच्या जाड भिंती बाहेर कोसळल्या, वरच्या मातीच्या जड धाब्यांखाली माणसं गाडली गेली, आणि कित्येक ठिकाणी आतला खणांचा लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला.

खांब कुठवर चांगला आहे ते पाहायला खाली उकरत गेलो. कमरेपर्यंत लाकूड लोखंडासारखं. गुडघ्याखाली मामांची पटाशी नुसत्या हातानं आत शिरली आणि ओला तपकिरी भुसा बाहेर आला. तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, सापडला तो आजच्या रस्त्याच्या पातळीच्या खाली. वाडा काही खचला नव्हता. रस्ता वर आला होता. जुनं डांबर न खरवडता त्यावर नवीन डांबर, असं वर्षानुवर्षं चाललं की जोतं गडप होतं आणि पावसाचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी उभं राहतं. चुन्याचा गिलावा असता तर ओल बाहेर उडून गेली असती. सिमेंटनं तिची वाट बंद केली, मग ती लाकडाकडे वळली. दिवाणखान्यावरच्या नऊ इंच ओझ्यापैकी या खांबाच्या वाट्याचं सगळं वजन गुडघाभर भुशावर येत होतं.

दुरुस्ती तशी सरळ होती. भार जॅकवर तसाच ठेवायचा, कुजलेला भाग कापायचा, तळखडा काढून रस्त्याच्या पातळीच्या वर येईल असा नवीन घडीव दगड बसवायचा आणि मधल्या अंतरात जुन्याच सागाचा तुकडा तिरका सांधा करून जोडायचा. नवीन साग इथं चालत नाही, तो आकसतो. पाडलेल्या वाड्यांचा साग विकत मिळतो. त्याचं फर्निचर होण्याआधी आपण गाठायचा, एवढंच. पुतण्यानं त्याच संध्याकाळी पुण्याला फोन लावले.

चार वाजता संस्थेची बैठक होती, वाड्याच्याच ओसरीवर, प्रॉपच्या रांगेशेजारी. समितीच्या यादीत दर्शनी बाजूची पॉलिश, पितळी हंड्या आणि ‘हेरिटेज लूक’चे दिवे वरच्या क्रमांकावर होते. मी ओला भुसा वर्तमानपत्रावर घेऊन गेले आणि मधे ठेवला. चहाचे कप जरा लांब सरकले.

त्या भिंतीत आणखी पाच खांब असणार होते. सगळे उघडायचे, बाहेरून चर खणून पाणी वळवायचं, सिमेंट उतरवून चुना करायचा. चुना भिजवून मुरायला ठेवायचा म्हणजे आठवडे गेले. हंड्यांचे पैसे इथं गेले हे खजिनदारांना कागद न बघताच कळलं. ते म्हणाले, ‘‘मॅडम, लोक पैसे देतात ते दिसणाऱ्या गोष्टीला. भिंतीतल्या खांबावर देणगीदाराचं नाव कुठं लिहिणार?’’ प्रश्न खरा होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

पण वजनाचं उत्तर होतं. राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला दोनशे किलो भार धरायचा असं आपलं आयएस ८७५ हे इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक सांगतं. खुर्च्या पक्क्या नसलेल्या, माणसं जमण्याच्या जागेला पाचशे. म्हणजे घराची कलासंस्था करताना त्याच जमिनीकडून तीनशे किलो जास्त मागायचे. आणि पाटांवरून आपण काढत होतो पावणेचारशे. जागी लाकडी फळ्या आणि मधे आवाज शोषणारा हलका थर घातला तर पाऊणशे. वाड्यानं इतकी वर्षं जी माती उचलून धरली होती, तेवढ्याच वजनाची माणसं आता तो उचलेल. मधले खांब आणि तुळयांचे छेद मी तपासले होतेच. ही एक बेरीज-वजाबाकी समितीला पॉलिशपेक्षा जास्त आवडली.

कथकच्या ताई सगळ्यात मागं बसल्या होत्या. त्यांना दिवाणखानाच हवा होता, आणि का हवा होता ते कुणालाही कळावं: महिरपी खिडक्या, संध्याकाळचं ऊन, खाली चौक. मी नाही म्हटलं. बसलेल्या माणसाचं वजन आणि तत्काराचं, म्हणजे कथकमधल्या पायांच्या ठेक्याचं, वजन एक नव्हे. पंचवीस मुली एकाच लयीत एकाच क्षणी पाय आपटतात. जुने सांधे त्या लयीला साथ देऊ लागले तर ते कुणाच्याच हिताचं नाही. शिवाय माती गेल्यावर घुंगरांचा आवाज खालच्या तबल्याच्या वर्गावर उतरणार.

‘‘म्हणजे नृत्य गोठ्यात,’’ त्या म्हणाल्या.

गोठ्याच्या जागेवर. तिथं नवीन इमारतीच्या तळमजल्यावर जमिनीत भक्कम पाया, वर उचललेली लाकडी फळ्यांची जमीन आणि हवा तेवढा दणका. नवीन इमारत वाड्याला टेकणार नव्हती. मधे दोन इंचांची मोकळी फट, वरून झाकलेली, म्हणजे भूकंपात दोघं आपापल्या तालानं हलतील. लिफ्ट, स्वच्छतागृहं, विजेचं मुख्य पॅनेल हे सगळं नव्या बाजूला. मुख्य म्हणजे दुसरा जिना तिकडे. वाड्याचा स्वतःचा जिना भिंतीतला, अडीच फुटी, उंच पायऱ्यांचा, वरून दार लावून बंद होणारा. शत्रू वर येऊ नये म्हणून तो उत्तम. आग लागल्यावर श्रोते खाली उतरावेत म्हणून बिलकूल नाही. शनिवारवाडा १८२८मध्ये जळाला, विश्रामबागवाड्याचा भाग १८७९मध्ये. अग्निशमनच्या अधिकाऱ्यांना सागवानी घराबद्दल जास्त समजावून सांगावं लागत नाही.

ताई लगेच मानल्या नाहीत. त्या उठून मागच्या परसात गेल्या, उभ्या राहून आल्या आणि म्हणाल्या, ‘‘उत्तरेला मोठी खिडकी द्या. नाहीतर मी देवघरासमोर शिकवीन.’’ काकू हसल्या. खिडकी नकाशात आली.

दिवाणखान्यासाठी संख्या ठरवायची राहिली होती. जमीन कितीही उचलो, दोन जिन्यांनी वेळेत उतरतील तितकीच माणसं वर. मी साठ लिहिलं आणि पाटी दाराशी लावायला सांगितली.

‘‘आणि एकसष्टावा आला तर?’’ खजिनदार.

मामा एवढा वेळ प्रॉपला टेकून ऐकत होते. ‘‘त्याला इथं ओसरीवर बसवा, सायेब. वरचं गाणं चौकातून खाली येतंच. तिकीट मात्र निम्मं घ्या.’’

खजिनदारांनी ते वहीत लिहून घेतलं.