दादाच्या गाडीवर कळलेलं त्वरण

अकरावीला लातूरला खोली करून राहिले आणि पहिल्याच चाचणीत एका प्रश्नाचे मार्क गेले. सरळ वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच पोचतो, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? मी शून्य लिहिलं. चेंडू तिथं थांबतो, मग त्वरण कुठून येणार? वेगातला बदल भागिले वेळ, हे सूत्र पाठ होतं. पण मनात पक्कं बसलेलं वेगळंच: वेग जास्त तिथं त्वरण जास्त.

दिवाळीला गावी, औसा तालुक्यात गेले. दादाच्या मोटारसायकलवर मागं बसून त्याच्या खांद्यावरून मीटरचा व्हिडिओ काढला.

"काय करलालीस गं?"

"तू सरळ चालव दादा, नंतर सांगते."

घरी दर 5 सेकंदांनी व्हिडिओ थांबवून आकडे उतरवले. 0, 36, 54, पुन्हा 54. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. 54 म्हणजे 15. पहिल्या 5 सेकंदांत वेग दर सेकंदाला 2 मीटरनं वाढला, पुढच्या पाचांत 1 मीटरनं, त्यानंतर काहीच नाही. काटा चढत होता आणि त्वरण उतरत होतं! त्या चार आकड्यांकडं मी कितीतरी वेळ बघत बसले. अंगाला तर हे रस्त्यावरच कळलं होतं. गाडी सुटताना मागं झोक गेला म्हणून कॅरिअर घट्ट धरलं होतं, 54 वर मात्र निवांत बसले होते. शेवटी ब्रेक लागला, 5 सेकंदांत 15 चं शून्य झालं, म्हणजे त्वरण उणे 3, आणि मी दादाच्या पाठीवर आदळले.

मग चेंडूकडं वळले. सेकंदाला 19.6 मीटर वेगानं वर फेकला, हवेचा अडथळा सोडून दिला, तर एका सेकंदानं वेग 9.8, दोन सेकंदांनी शून्य, तीन सेकंदांनी 9.8 पण खाली. दर सेकंदाचा बदल तोच, 9.8, खालच्या दिशेनं. माथ्यावरही तोच. माझं उत्तर बरोबर असतं तर तिथं वेग शून्य आणि बदलही शून्य. चेंडू आभाळात लटकून राहिला असता.

दुसऱ्या दिवशी दादाला वळणावर गाडी 30 वर स्थिर ठेवायला लावली. काटा हलला नाही, तरी अंग बाहेरच्या बाजूला ओढलं जात होतं. चाल तीच, दिशा वेगळी. वेगात चालीबरोबर दिशाही धरतात, म्हणजे वेग बदलला, त्वरण आलं. तेही वहीत लिहून घेतलं.