ब्रुज, गेंट आणि मिठाची खाण

"आज मी पायऱ्या चढणार नाही, आत्ताच सांगून ठेवते," ब्रसेल्सला गाडीत बसता बसता मैत्रिणीने जाहीर केलं. आणि साडेनऊला ब्रुजच्या घंटाघराच्या रांगेत माझ्या पुढे तीच उभी!

पायऱ्या ३६६. तिने मोजायला घेतल्या, मी धापा मोजत होते. वर वर जिना इतका चिंचोळा होतो की समोरून कुणी उतरायला लागलं की भिंतीला पालीसारखं चिकटायचं. धरायला कठड्याऐवजी जाड दोर. वाटेत एक अजस्र पिंप दिसतं, त्यावरच्या खुंट्यांनी वरच्या ४७ घंटा आपोआप वाजतात. माथ्यावर पोचलो तेव्हा तिचा हिशोब ३५८ वर थांबला होता. "आठ कुणीतरी खाल्ल्या," म्हणाली.

वरून लाल कौलं आणि कालवे बघताना मी माझं वाचन पाजळलं: समुद्राकडे जाणारी झ्विनची खाडी गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पला गेला, ब्रुजकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. "म्हणजे कडकीने वाचवलं," तिचा शेरा. बरंचसं खरं आहे. काही घरांचा मध्ययुगीन थाट मात्र एकोणिसाव्या शतकातला आहे, हे मी तिला सांगितलं नाही. फोटो काढण्यात रमली होती.

नोत्र दामच्या ब्रुजमधल्या बहिणीत, म्हणजे इथल्या आवर लेडी चर्चमध्ये, मायकेलअँजेलोची संगमरवरी मेरी आहे. बाळ तिच्या गुडघ्यांमधून जणू पायरी उतरायला निघालंय आणि तिचं लक्ष भलतीकडेच. आधी फ्रेंचांनी ही मूर्ती नेली होती, ती परत आली. मग १९४४ मध्ये जर्मनांनी नेली आणि ऑस्ट्रियात आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीत लपवली.

दुपारी गेंट. गाडीने जेमतेम अर्धा तास, पुढे ट्राम. ग्रासलेईच्या घाटावर पाय पसरून बसायचं ठरलं होतं, पण सेंट बाव्होचं कॅथेड्रल बंद होईल म्हणून मी तिला ओढत नेलं. तिने राग कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याकडच्या जांभळ्या, नाकाच्या आकाराच्या क्यूबरडॉन नावाच्या गोळ्यांवर काढला. आतला पाक माझ्या बाहीवर.

आत व्हॅन आयक बंधूंचं १४३२ चं वेदीचित्र, लाकडी फळ्यांवर रंगवलेलं, मधोमध वेदीवर मेंढरू. गंमत म्हणजे तेही त्याच खाणीत लपवलेलं होतं! सकाळी मेरी, दुपारी हे; एकाच तळघरात दडलेल्या दोन पाहुण्यांना एका दिवसात भेटल्यासारखं वाटलं. खाली डावीकडे घोड्यावरचे न्यायाधीश आहेत. ती फळी नक्कल आहे. अस्सल १९३४ च्या एप्रिलमध्ये रात्री चोरीला गेली आणि आजवर सापडलेली नाही. त्याच वर्षी एका दलालाने मरताना सांगितलं की ती कुठे आहे हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. आणि ठिकाण न सांगताच गेला.

यावर मैत्रीण जी पेटली! चोरीला न्यायाधीशच का, मेंढरू का नाही, लाकडाची एवढी फळी लपवणार कुठे? घाटावर बसलो तरी तेच. समोर सोनेरी उन्हात गिल्डांची, म्हणजे जुन्या व्यापारी संघांची घरं पाण्यात उलटी झाली होती, तिने ढुंकून पाहिलं नाही. परतीच्या गाडीत पोटऱ्या चोळत म्हणाली, "घंटाघरात एवढ्या अंधाऱ्या जागा आहेत. शोधलं असेल का गं कुणी?"

"कुठल्या घंटाघरात? ते ब्रुज होतं."

"गेंटलाही आहेच की एक," ती म्हणाली आणि तिथल्या पायऱ्या किती ते फोनवर बघायला लागली.