आमची वाटचाल: यंत्र नंतर, आधी झाड

आमचं मूळ काम ठिबकच्या फिटिंगचं. अमळनेर-पारोळा पट्ट्यात नळ्या अंथरता अंथरता बागांमध्ये वावर वाढला. कापूस वेचणी आणि बोरं तोडणी एकाच वेळी येतात, मजूर आधी कापसाकडे जातो, आणि पिकलेली बोरं काट्यांतच सुकतात. हे दर हंगामाला दिसायचं. त्यातूनच यंत्राने बोरं पाडायचा हा धंदा सुरू झाला.

सुरुवातीला आम्ही फक्त फांदी हलवायचं यंत्र भाड्याने द्यायचो. पाठीवर पेट्रोलचं छोटं इंजिन, पुढे लांब दांडा आणि टोकाला आकडा. गावाकडच्या आकडीलाच मोटार लावली म्हणा. पण एका बागेत सडा पडायचा, तर शेजारच्या बागेत नुसता पाला. फरक झाडाच्या बांधणीत होता. जाड, उभट फांदीला दिलेला हिसका शेंड्यापर्यंत जातो. लोंबत्या, लवचिक फांदीत तो मधेच जिरतो. मग आम्ही यंत्रापेक्षा छाटणीकडे जास्त लक्ष दिलं.

कोयीच्या फळांसाठी जगात हे काम जुनं आहे. कॅलिफोर्नियात बदाम आणि सुकवायचे प्लम खोड धरून हलवतात, त्यासाठी खोडाचा खालचा भाग मोकळा राखतात. ऑस्ट्रेलियात टाटुरा इथे 1970च्या दशकात पीचची झाडं तारांवर इंग्रजी व्ही आकारात चढवली गेली, तीही यंत्राने तोडणी डोळ्यासमोर ठेवून. आपल्याकडे पीच नाही, पण बोरही आठळीचंच फळ. शिवाय बोरीला एक सोय आहे: फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत खरड छाटणी, म्हणजे फांद्या खोलवर मागे कापणं, करावीच लागते. म्हणजे आकार सुधारायची संधी दरवर्षी मिळते.

आम्ही खोड दोन-अडीच फूट मोकळं ठेवतो. त्यावर तीन-चार मुख्य फांद्या, चहूबाजूंनी, पण एकाच जागेतून न फुटलेल्या. नाहीतर भाराने बेचकं फाटतं. मधला भाग उघडा, कारण वरून पडणारं बोर खालच्या फांदीवर आपटलं की डागाळतं. खाली शेडनेट पसरलं की झालं. हलवण्याआधी पाणी तोडायचं. भरल्या रसात साल सैल असते आणि आकड्याखाली सोलून निघते.

पहिल्या छाटणीनंतर शेतकऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. धुळ्याकडच्या एका काकांनी बांधावरूनच हाक मारली, "भाऊ, मन्हं झाड बोडकं करी टाकं ना!" पावसानंतर फूट आली तेव्हा कुठे त्यांचा फोन आला, तोही शेजाऱ्याच्या बागेची तारीख मागायला. आमची जाहिरात बहुतेक अशीच होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उमराण किंवा ॲपल जातीचं बोर ताजं खायला जाणार असेल, तर हलवू नका. फळं एकदम पिकत नाहीत, कच्चंही खाली येतं आणि भाव पडतो. ते हाताने, हातमोजे घालून, फेरीफेरीने तोडावं. हलवणं परवडतं ते वाळवायच्या, बोरकुटाच्या मालाला. मेहरूणची आंबटगोड बोरं त्या कामात सरस, असं माझं मत. उमराणवाले वाद घालतील, घालू द्या.

आंब्याबद्दलही विचारणा होते. जळगावात जैन इरिगेशनने 3 बाय 2 मीटरवर एकरी 674 झाडांची लागवड लोकप्रिय केली, झाडं बुटकी, त्यामुळे यंत्र चालेल असं लोकांना वाटतं. पण आंबा देठापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. तिथे झेलाच, म्हणजे जाळी लावलेली काठीच बरी. आंब्याची छाटणी आम्ही करतो, हलवण्याचं काम घेत नाही.

सध्या वेल्डिंगचं काम आमच्याच शेडमध्ये होतं. आकड्याला आत जुन्या टायरची रबरपट्टी लावतो, ती बसवणारा पोरगा आता माझ्यापेक्षा नीट बसवतो. छाटणीची नोंदणी मार्चअखेरपर्यंतच घेतो. त्यानंतर आलेल्यांना पुढच्या वर्षाची तारीख देतो, कारण जूनचा पाऊस आमच्यासाठी थांबत नाही.